डोंगर कापून भिंत उभी करायची तर आधी पाण्याचं बघा, मग लोखंडाचं

कोकणात आता सपाट प्लॉट राहिलेत कुठे, जे होते त्यांवर कधीच बिल्डिंगा झाल्या, त्यामुळे चिपळूण म्हणा रत्नागिरी म्हणा कुडाळ म्हणा, सगळीकडे पोकलेन लावून डोंगर कापायचा आणि त्या कापाला भिंत मारून खाली पार्किंग नाहीतर बंगला काढायचा असं चाललंय. सहा-आठ मीटरचा उभा काप पोकलेनवाला आठवड्याभरात काढून देतो. त्या कापाला जी भिंत लागते तिचं डिझाईन कसं करायचं हे मी इथे सांगत नाही, ते जिओटेक्निकल इंजिनिअरचं काम आहे आणि ते त्याच्याकडूनच करून घ्या. पण प्लॉटमालक, सोसायटीच्या कमिटीतली माणसं आणि साईटवर नवीन लागलेली इंजिनिअर पोरं यांना ही भिंत काम कशी करते आणि पडते कशी हे कळलं तर योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता येतात, म्हणून हे लिहितोय.

आधी खाली काय आहे ते बघा

आपल्याकडे वरती जांभा. चिरेखाणीत बघितलं असेल, आठ-दहा मीटरच्या सरळ उभ्या भिंती वर्षानुवर्षं उभ्या असतात, एक दगड हलत नाही. त्यावरून सगळ्यांचा समज होतो की इथे काहीही कापा, उभं राहतं. पोकलेनवाला पण तेच सांगणार, "काय नाय होत हो, जांभा आहे." पण जांभा हे वरचं कवच आहे. त्याच्याखाली पिवळट, पांढरट, कधी जांभळट अशी मऊ साबणासारखी माती लागते, लिथोमार्ज. खाली कारवार-मंगळूरच्या बाजूला हिला शेडी माती म्हणतात आणि तिकडच्या इंजिनिअरांनी तिच्यापायी भरपूर डोकेफोड केलेली आहे. चिरेखाणवाला ही माती दिसली की थांबतो कारण त्यात चिरा मिळत नाही. आपण मात्र तिथून पुढे खाली जातो.

ही माती उन्हाळ्यात कापली तर नखाने ओरबाडावी लागते इतकी घट्ट असते, कारण कणांच्या मधे जे थोडंसं पाणी असतं ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतं, ह्याला सक्शन म्हणतात. पाऊस मुरला की सक्शन जातं आणि तीच माती हातात घेतली तर चिखल होते. म्हणजे मार्चमध्ये जो काप ठणठणीत उभा आहे तो जुलैमध्ये उभा राहीलच असं अजिबात नाही, माती तीच असली तरी ताकद ती राहिलेली नसते. वर जांभा सच्छिद्र, भेगाळलेला, पाणी सरळ खाली सोडतो, लिथोमार्ज ते पाणी अडवतो, त्यामुळे दोघांच्या सांध्यावरून पाणी बाहेर येतं. कापात असा ओला पट्टा दिसला तर तो लगेच रंगाने मार्क करून ठेवा, पुढे ड्रेन तिथेच पडणार आहे.

त्याच्याखाली कुजलेला बेसाल्ट, मातीत अडकलेले गोल धोंडे, आणि मग काळा कातळ. हे धोंडे वेगळा त्रास देतात, आजूबाजूची माती धुपली की सुटून खाली येतात. कोकण रेल्वेवरचे दोन मोठे अपघात आठवा, २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला आंबवलीजवळ, दोन्ही वेळेला दरडीचे दगड रुळावर आले होते आणि दोन्ही तारखा जूनच्या आहेत, पाऊस नुकता लागला असतानाच्या. त्यानंतर रेल्वेने कापांचे उतार कमी करणं, जाळ्या मारणं हे सगळं मोठ्या प्रमाणावर केलं.

माती तपासायला बोअर मारायचे तर कमीत कमी एक कापाच्या वर मागच्या बाजूला आणि एक पायथ्याशी घ्या. बहुतेक लोक फक्त बिल्डिंगच्या कॉलमखाली बोअर घेतात, म्हणजे जी माती भिंतीला ढकलणार तिचं सॅम्पलच नाही! आणि एक फुकटचं काम, शेजारच्या विहिरीत मे महिन्यात पाणी किती खाली असतं आणि ऑगस्टमध्ये किती वर येतं हे त्या घरातल्या आजीला विचारा. तो आकडा रिपोर्टात लिहायला लावा. बोअर उन्हाळ्यात मारलेला असतो, रिपोर्टात "भूजल आढळले नाही" लिहून येतं आणि डिझाईनवाला पाणी शून्य धरून मोकळा होतो.

भिंतीवर नेमकं किती येतं

हे गणित एकदा स्वतः करून बघा, दहावीचं गणित आहे. सहा मीटर उंच भिंत, मागे साधी माती, घर्षणकोन (मातीचे कण एकमेकांवर घासून किती धरतात त्याचं माप) ३० अंश धरला तर माती आपल्या उभ्या वजनाच्या एक तृतीयांश इतकं आडवं ढकलते. मातीची घनता १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरली तर तळाशी दाब येतो चौरस मीटरला ३६ किलोन्यूटन आणि तो वरती शून्य होतो, म्हणून एकूण जोर अर्धा गुणिले ३६ गुणिले ६ म्हणजे १०८ किलोन्यूटन भिंतीच्या लांबीच्या दर रनिंग मीटरला, साधारण ११ टन.

आता मागे पाणी वरपर्यंत भरलं असं समजा. पाण्यातल्या मातीचं वजन कमी होतं, म्हणून मातीचा वाटा उतरून तळाशी २० होतो, पण पाण्याला एक तृतीयांश वगैरे सूट नसते, पाणी सगळ्या बाजूंनी सारखं दाबतं, तळाशी ६०. बेरीज ८०, एकूण जोर २४० किलोन्यूटन, म्हणजे २४ टन. भिंत तीच, माती तीच, आणि लोड दुपटीच्या वर गेलं. वार्षिक तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडणाऱ्या गावात हे "समजा" नाहीच आहे, ड्रेनेज नसेल तर होणारच आहे.

अजून एक, खोदलेल्या मातीचा ढीग. लांब टाकायला डंपरचं भाडं पडतं म्हणून कापाच्या कडेलाच दोन मीटर उंच ढीग घालून ठेवतात. तेवढ्याने भिंतीवर दर मीटरला आणखी सात टन येतात. पाण्याचा टँकर, सिमेंटचा ट्रक कडेला लावणं हे पण तसंच. साधा नियम ठेवा, काप जेवढा खोल तेवढ्या अंतरात वरती काही ठेवायचं नाही.

आणि शोषखड्डा! वरच्या घराचा शोषखड्डा, संडासाची टाकी, गळकी सिमेंटची टाकी, माडांना सोडलेलं पाटाचं पाणी, हे भिंतीच्या मागे असेल तर भिंतीला बाराही महिने पावसाळा. वरच्या काकांशी आधीच बोलून घ्या, लागला तर खर्च आपण करा पण तो खड्डा हलवा.

खिळे मारून धरणं, म्हणजे सॉईल नेलिंग

डोंगराच्या कापाला आजकाल बहुतेक हेच सुचवतात आणि बरोबर आहे, कारण बाकी भिंतींना आधी पूर्ण खोदावं लागतं, हे वरून खाली खोदत खोदत करता येतं. साधारण १०० मिमीचं भोक, खाली दहा-पंधरा अंश कललेलं, त्यात २० ते ३२ मिमीची सळई, भोवती सिमेंट ग्राउट (सिमेंट-पाण्याचं ओतता येईल असं मिश्रण), बाहेर प्लेट आणि नट, आणि दर्शनी भागावर वेल्डमेश (लोखंडी जाळी) लावून गनायटिंग, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट. खिळ्याची लांबी सुरुवातीच्या अंदाजाला उंचीच्या ०.७ पट धरतात, म्हणजे आठ मीटरच्या कापाला साडेपाच-सहा मीटर. हे खिळे शेजाऱ्याच्या हद्दीत जाणार, त्याची लेखी परवानगी आणि त्याच्या विहिरीची जागा दोन्ही आधी बघा.

खिळा स्वतःहून काही धरत नाही. माती थोडी पुढे सरकली की मगच तो ताणला जातो आणि धरतो, म्हणून नेल केलेली भिंत थोडी हलणारच, आठ मीटरच्या कापाला माथ्याला १५-२५ मिमी पुढे येणं यात घाबरण्यासारखं नाही. अँकर वेगळा, त्याला जॅकने आधीच ताण दिलेला असतो, त्यामुळे हालचाल कमी होते. मागे लगेच घर असेल तर अँकरचा विचार करा, नुसतं परसू आणि गडगा (दगडी कुंपण) असेल तर नेल पुरतात.

लोकांचा सगळा जीव सळईच्या जाडीत अडकलेला असतो. कॉन्ट्रॅक्टर पण अभिमानाने सांगतो, "साहेब पंचवीसची मारलीय." आता बघा, २५ मिमीची फे ५०० प्रतीची सळई यील्ड व्हायला, म्हणजे कायमची ताणली जायला, जवळजवळ २४५ किलोन्यूटन लागतात. आणि सरकणाऱ्या मातीच्या मागे खिळ्याचा पाच मीटर भाग आहे, ग्राउट आणि माती यांची पकड दर चौरस मीटरला ५० किलोन्यूटन आहे असं समजा, तर १०० मिमीच्या भोकाचा परीघ ०.३१४ मीटर, गुणाकार ७८ किलोन्यूटन. तीच माती भिजून पकड निम्मी झाली तर ३९. म्हणजे सळई तुटायच्या कितीतरी आधी खिळा मातीतून सुटून येतो. अशा मातीत जाड सळईने काही फरक पडत नाही, लांबी, भोकाची सफाई आणि ग्राउट याने पडतो. भोकात कोरडी पूड राहिली की पकड गेली. ग्राउट पातळ केलं की पकड गेली, पाणी-सिमेंट ०.४५ च्या आसपास ठेवा, पंप चोक होतो म्हणून कामगार पाणी वाढवतात तिथे उभं राहा. ग्राउटची नळी भोकाच्या टोकापर्यंत घालून आतून बाहेर भरत यायचं, तोंडातून ओतायचं नाही. सळईला भोकाच्या मधोमध धरणारे सेंट्रलायझर नसतील तर ती भोकाच्या तळाला जाऊन टेकते, खालच्या बाजूला ग्राउट राहत नाही आणि खाऱ्या हवेच्या पट्ट्यात गंज लागायला तेवढं पुरतं. गॅल्व्हनाईज्ड किंवा इपॉक्सी लावलेली सळई घ्या, किनाऱ्याला इथे काटकसर नको.

टेस्ट घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. काम सुरू व्हायच्या आधी त्याच मातीत एक-दोन जादाचे खिळे मारून ते सुटेपर्यंत ओढून बघायचे, त्यावरून खरी पकड कळते, आणि नंतर कामातल्या साधारण वीसात एक खिळ्याला डिझाईनच्या दीडपट लोड देऊन दहा मिनिटं धरायचं. पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत तो १ मिमीपेक्षा कमी सरकला पाहिजे. जास्त सरकला तर माती रांगतेय, म्हणजे हळूहळू सरकतच राहतेय, आज धरला तरी पावसाळ्यात धरणार नाही.

क्रम, क्रम, क्रम. एका वेळी एक ते दीड मीटरच खाली जायचं, त्याच दिवशी खिळे आणि गनाईटचा पहिला थर, ग्राउट पुरेसं पकडेपर्यंत, म्हणजे डिझाईनरने दिलेले तेवढे दिवस, खाली बकेट लावायची नाही. आयएस ३७६४ (खोदकामाच्या सुरक्षिततेचा भारतीय मानक) दीड मीटरपेक्षा खोल चराला सुद्धा आधार द्यायला सांगतो, आणि आपण सहा मीटर उघडं ठेवून जेवायला जातो. पोकलेनचं भाडं तासावर असल्यामुळे त्याला वाटतं सगळं एकदम कापून टाकू, खिळेवाले मागून येतील. भिंतीला सगळ्यात वाईट क्षण तोच असतो, शेवटची पायरी कापलेली आहे, वरच्या खिळ्यांवर आणखी ताण आलाय आणि खालची ओळ अजून मारलेलीच नाही. पूर्ण झालेल्या भिंतीपेक्षा अर्धवट भिंती जास्त पडतात.

आरसीसी भिंत असेल तर

पायाची रुंदी साधारण उंचीच्या निम्मी ते ०.७ पट, आणि पायाचा मागचा भाग, म्हणजे टाच, मातीच्या खाली मागे जाते, म्हणजे काप आणखी मागे न्यावा लागतो आणि भिंत होईपर्यंत तो तसाच उघडा. मुख्य सळया मातीच्या बाजूला पाहिजेत कारण ताण तिकडे येतो. हे वाचून हसाल, पण सळया बाहेरच्या बाजूला बांधलेली जाळी साईटवर बघायला मिळते, म्हणून सेंटरिंग लावायच्या आधी ड्रॉइंग हातात घेऊन स्वतः तपासा.

मागचा भराव म्हणून खोदलेली तीच लिथोमार्ज परत ढकलू नका. भिंतीच्या मागे निदान फूटभर खडी, मधे जिओटेक्सटाईल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड), खाली छिद्रांचा पाईप उताराने बाहेर काढलेला, आणि ७५-१०० मिमीचे वीप होल (पाणी बाहेर सोडणारी भोकं) दीडेक मीटरवर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. वर मागे कॅच ड्रेन (वरून येणारं पाणी अडवून बाजूला नेणारं गटार), सिमेंटचा, नुसता खणलेला चर नको, चरातून पाणी मुरतं तेच आपल्याला नकोय.

खाडीकाठ असेल तर वेगळा खेळ

खारजमिनीवर, खाडीच्या गाळात बेसमेंट काढायचं असेल तर भिंत पुढे येण्याच्या आधी तळ वर येतो. पिठाचा गोळा मुठीत दाबला की बोटांच्या फटीतून वर येतो, तसा बाहेरच्या मातीच्या वजनाने आतला गाळ फुगतो. गाळाची ताकद १२ किलोपास्कल आणि घनता १५ असेल तर पावणेपाच मीटरच्या आसपास खोदलं की तळ सुटायला लागतो, शीट पाईल (जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पत्र्यांची भिंत) कितीही जाड असू देत. वाळू असेल तर पाणी शीट पाईलच्या खालून वळून आत उकळ्या मारत येतं. उपाय म्हणजे पाईल खोल नेणं, आडवे स्ट्रट (समोरासमोरच्या भिंतींमधले टेकू), तुकड्या-तुकड्याने खोदणं.

ह्या प्रकारच्या गाळातलं खूप अभ्यासलेलं उदाहरण सिंगापूरच्या निकोल हायवेचं. २० एप्रिल २००४, मेट्रोसाठी तीस मीटरपर्यंत खोदलेला खड्डा, दोन्ही बाजूंना जाड डायफ्रॅम वॉल (जमिनीतच ओतलेली काँक्रीटची भिंत), नऊ थरांचे स्टीलचे स्ट्रट, आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला सगळं कोसळलं, चार माणसं गेली. दोन गोष्टी झाल्या होत्या. कॉम्प्युटर मॉडेलमध्ये गाळाची ताकद खऱ्यापेक्षा जास्त धरली गेली होती, आणि स्ट्रट जिथे वेलरला (भिंतीलगतच्या आडव्या तुळईला) टेकतात तो जोड कमजोर होता. भिंतीचं सरकणं आधीच ठरवलेल्या मर्यादेच्या पुढे गेलं होतं, तर परत हिशोब करून मर्यादाच वाढवली. त्या दिवशी सकाळपासून स्टील वाकत होतं, आवाज येत होते. आपल्या छोट्या साईटवर पण मीटर तेच दाखवतो आणि माणसं पण तेच करतात, "थोडंच वाढलंय."

काय बघायचं, कधी पळायचं

वरती जमिनीवर कापाला समांतर भेग, ही पहिली खूण. गडगा मधेच फुगला, माड-पोफळी कलल्या, वरच्या घराचं दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, गनाईटला पोट आलं, हे सगळं त्याच जातीचं. भेगेवर दोन बाजूंना दोन खिळे ठोका आणि रोज टेपने अंतर मोजून वहीत लिहा, माथ्यावर टोटल स्टेशनने (सर्व्हेच्या यंत्राने) आठवड्याला रीडिंग घ्या. नुसता आकडा नाही, वेग बघा. महिन्याला दोन मिमीने चाललेली भेग एकदम दिवसाला दोन मिमी झाली तर खालची माणसं त्याच मिनिटाला बाहेर काढायची, ग्रामपंचायत-तहसीलला कळवायचं, चर्चा नंतर.

वीप होल पावसात वाहत असेल तर छान. जुलैत बाजूची सगळी जमीन पाझरतेय आणि तुमचे वीप होल कोरडे आहेत तर ते तुंबलेत, आत पाणी चढतंय. स्वच्छ पाणी गढूळ झालं तर मागची माती वाहून चाललीय. वाहतं पाणी एकदम थांबलं तर ते सगळ्यात वाईट.

तातडीने करायचं म्हणजे पायथ्याला मुरूम नाहीतर दगडाचा भराव टाकून पाय दाबायचा (सरळ वरून डंपरने, माणूस खाली न पाठवता), भेग ताडपत्रीने झाकायची, वरचं ओझं काढायचं. पायथ्याला पडलेली माती "साफ" करायला जेसीबी लावू नका, ती पडलेली मातीच कधी कधी बाकीचं धरून असते.

वेळापत्रक आणि बिल

दिवाळीनंतर सुरू, मेच्या मध्यापर्यंत शेवटची ओळ आणि कॅच ड्रेन पूर्ण. मिरग ७-८ जूनला लागतो, त्याआधी वळवाचा एक दणका येतोच. मेच्या पहिल्या आठवड्यात काम अर्ध्यावर असेल तर पुढे खोदू नका, आहे त्या पायरीवर थांबा, पायथ्याला भराव टाका आणि ऑक्टोबरनंतर या.

नेलिंगचं बिल खिळ्याच्या लांबीच्या रनिंग मीटरवर असतं, म्हणून सहा मीटर लिहून चार मीटर मारायचा मोह तिथेच असतो. ड्रिलरच्या रॉडची लांबी एकदा मोजून ठेवा आणि प्रत्येक भोकाला किती रॉड आत गेले ते माणूस उभा करून मोजा, सळई घालायच्या आधी तिच्यावर टेप लावा, ग्राउटच्या किती गोण्या गेल्या ते लिहा. भोकाच्या घनफळापेक्षा कमी सिमेंट गेलं असेल तर आत पोकळी आहे, भरपूर जास्त गेलं तर भेगा आहेत, दोन्ही डिझाईनरला कळवा. आणि करारात टाका, टेस्ट रिपोर्ट आल्याशिवाय त्या ओळीचं बिल नाही, आणि शेवटचे दहा टक्के गणपती होऊन पाऊस ओसरल्यावर, भिंतीचं रीडिंग परत घेऊन मगच.